लाल उजेड आणि कापलेली दोरी

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही — पत्नीजवळही नाही. तुम्हाला सांगतो. सरळ सांगेन असे ठरविले आहे. जमते का, पाहू.

वरोऱ्याजवळच्या एका ऊतिसंवर्धन प्रयोगशाळेत मी बटाट्याची रोपे वाढवीत असे. काचेची बाटली, तळाशी रोपाचे खाद्य, वर दिवे. दिव्यांचा रंग मी ठरवीत असे. लाल आणि निळा उजेड मिळून दिला, तर रोप बुटके पण दणकट होते. नुसत्या लाल उजेडात ते भराभर उंचावते, आणि लेचेपेचे राहते. हे मला ठाऊक नव्हते का? होते. पण पाहुणे पाहणीला येणार होते, आणि उंच रोपे नजरेत भरतात. मी निळे दिवे काढविले.

रोपांची देखभाल आलापल्लीकडच्या ताराबाई करीत. त्यांनी एक बाटली डोळ्यांसमोर धरली. “साहेब, उंची पाहून खुश होऊन राह्यले का? कमरेत जोर नाई याइच्या. वरातीत नाचवाची हायेत का मातीत लावाची?” बाकीच्या बाया हसल्या. मी हसलो नाही.

पाहुणे वाहवा करून गेले. मग रोपे मातीत लावली. बाहेरची हवा सोसेपर्यंत ती प्लास्टिकखाली दमट ठेवावी लागतात. तिथे ती माना टाकू लागली. आता दोष कुणाचा? — दुपारी सगळे जेवायला गेल्यावर मी शेडमध्ये शिरलो. प्लास्टिकची कड ताराबाईंनी दोरीने बांधली होती. त्यांच्या गावी तेंदूपानांचे पुडके बांधतात, तशी गाठ. मला ती सुटेना. मी ब्लेडने दोरी कापली आणि कड वर सारून ठेवली. उरलेले काम कोरड्या हवेने केले. प्रयोगशाळेच्या प्रमुखांना मी सांगितले — बाईंनी प्लास्टिक उघडे टाकले.

ताराबाईंना त्याच दिवशी कामावरून काढले.

जाताना त्या माझ्या टेबलाशी आल्या. दोरीचा तुकडा पुढे ठेवला. “माही गाठ सुटत नाई, साहेब. कापावी लागते.” प्रमुख पलीकडच्याच खोलीत बसले होते. त्या तिकडे गेल्या नाहीत. मीही गेलो नाही.

पुढच्या खेपेस मी निळे दिवे परत लावले. रोपे दणकट आली, मातीत जगली. लाल-निळ्या उजेडाची शिफारस अहवालात माझ्या नावावर आहे, आणि ती अचूक आहे. प्लास्टिक ताराबाईंनी बांधले होते. ते मी उघडले.