शेंदराखालचा कान

गोजरबाईला मठाचा डोंगर चढताना बघितलं की मला देवाचाच राग येतो. गुडघे गेलेत, कंबर वाकलीय, तरी तेलाची बाटली पदराखाली धरून बाई रोज काठी टेकत वर जाते. लेण्याद्रीला येणारे पर्यटक इकडे फिरकत नाहीत. यायचं तरी कशाला? यादवांच्या काळातला मठ म्हणतात, पण उरलाय फक्त चौथरा, बिनछपराचे खांब आणि कोरडं टाकं. बाकीचे दगड आमच्याच वाडवडलांनी पळवले. कुणाच्या विहिरीत गेले, कुणाच्या गोठ्यात. माझ्या न्हाणीतल्या धोंड्यावरही कमळ कोरलेलं आहे. लाज वाटते, पण अंघोळ त्यावरच करतो.

राहिली ती कोनाड्यातली एक मूर्ती. शेंदराचे थर चढून चढून तिचा नुसता तांबडा गोळा झालाय. आत कोण आहे, मठाचा महंत की भैरोबा, कुणालाच माहीत नाही. वाडीचा नेम असा, की शेंदराचं कवच आपोआप गळून पडेल तेव्हाच सेवा पुढच्या घरी जायची. हाताने खरवडणं पाप. सासू गेल्यावर ही सेवा गोजरबाईच्या गळ्यात पडली, ती अजून सुटलेली नाही. पुढचं घर दादाभाऊचं.

"सेवेचं काय न्हाई रं," ती मला म्हणायची, "पर जल्मभर ज्याला न्हाऊमाखू घातलं त्याचं त्वांड तरी बघू दे. मंग जाते मंचरला उज्ज्वलाकडं." उज्ज्वला तिची लेक. कधीची बोलावतेय.

गेल्या उन्हाळ्यात कवचाला भेग पडली. एका बाजूचा टवका उडाला नि आत काळ्या दगडाचा कान दिसला. लांब पाळी, त्यात मोठं कुंडल. गोजरबाई हरखून गेली. इतकी वर्षं गोळ्याशी बोलणारी बाई आता कानाशी तोंड नेऊन बोलायला लागली. गुडघेदुखी, मेलेला नवरा, लेकीची आठवण, सगळं. "आता आयकतोय त्यो," मला म्हणाली. भेग वाढत होती. तिने बोचकंही बांधून ठेवलं.

एका सकाळी वर गेली, तर भेग बुजलेली. सिमेंट भरून वर ताजा शेंदूर फासलेला. खाली आली ती थेट दादाभाऊच्या ओट्यावर. मी तिथंच चहा पीत होतो.

दादाभाऊच्या नखांत सिमेंट तसंच होतं.

"काकी, देव उघडा पडत व्हता, बरं दिसत न्हाई म्हून..." तो म्हणाला. मग मान खाली घालून खरं बोलला. "पोरं चाकणला. रत्ना ही अशी." आत खाटेवर रत्ना, त्याची बायको, लकवा मारून पडलेली. "तुमी सुटला तर सेवा माझ्याकडं येती वं. हिला टाकून कवा चढू मी डोंगर?"

मला वाटलं, आता ही त्याची बिनपाण्याने करणार. मी तर सोडलाच नसता. पण ती ओट्यावर टेकली आणि गुडघे चोळायला लागली. तिच्याकडे बघवत नव्हतं.

"सेवा करीन रं दादा, पाय हायती तवर," ती म्हणाली. "पर नेमका कान बुजवलास. आता मी सांगू कुनाला?"