एका नंबरची तीन घरं

असले किस्से कोणी ठरवून गोळा करत नाही. लिफ्टची वाट बघताना एकजण काहीतरी सांगते, दुसरी म्हणते, "अगं, आमच्याकडेही तस्संच झालं," आणि तोवर लिफ्ट येऊन निघूनही जाते. आमच्या मजल्यावर अशा बऱ्याच लिफ्ट गेल्या आहेत.

भाईंदर पूर्वेला, जेसल पार्कात, आमच्या मजल्यावर तीन घरं आणि राउटर एक. तो कोणाच्या घरात ठेवायचा यावर एकमत होईना, म्हणून पॅसेजमध्ये मीटरच्या पेटीवर टांगलाय. दसऱ्याला समोरच्या शीतलबेन त्यालाही कुंकू लावतात. बाजूच्या, मूळच्या उत्तनच्या फिलोमिना आंटी त्याच्यावरची धूळ पुसतात. पासवर्ड तिघींनाही पाठ आहे.

तिसरी मी. दादरहून इथे आलेली, दीड वर्षाच्या ओवीची आई, स्वभावाने घाबरट. शिकलेली असल्यामुळे आधी सर्च करते आणि मग घाबरते.

माझी वाढवून घेतलेली बिनपगारी रजा संपत आली होती. सोमवारपासून ऑफिस. ओवीला आंटी आमच्याच घरी येऊन सांभाळणार आणि मी ऑफिसातून कॅमेऱ्यावर बघत राहणार, असं ठरलं होतं. थोडक्यात, माझी नोकरी त्या एका कॅमेऱ्याच्या खिळ्यावर टांगलेली होती.

त्यामुळे हे नंबरांचं प्रकरण मी नवऱ्याकडून, निनादकडून, नीट समजून घेतलं.

"राउटर घरातल्या प्रत्येक फोनला आतल्या आत एक नंबर देतो," तो म्हणाला. "बाहेरच्या जगाला मात्र सगळ्यांचा मिळून एकच नंबर दिसतो. तोच आपला आयपी ॲड्रेस. बिल्डिंगचा पत्ता आहे, पण फ्लॅट नंबर नाही, असं समज."

"म्हणजे बाहेरून बघितलं तर आम्ही तिघी एकच बाई?"

"साधारण. आत आलेलं उत्तर कोणी मागवलं होतं, ते राउटर लक्षात ठेवतो."

"आणि विसरला तर?"

"विसरत नाही," निनाद म्हणाला. मला ते जास्तच भीतीदायक वाटलं.

*

पहिला किस्सा ओवी पोटात होती तेव्हाचा. अगदी सुरुवातीचे दिवस. मी आणि निनाद सोडून कोणालाही माहीत नव्हतं, सासूबाईंनाही नाही. मी फक्त दुपारी पडल्या पडल्या फोनवर पाळणे बघायचे. नुसते बघायचे, घ्यायचं धाडस नव्हतं.

एक दिवस शीतलबेन डबा घेऊन दारात. डब्यात गूळ-तुपातली सुखडी.

"खाओ. अभी ताकत चाहिए."

मी डब्याकडे गेलेला हात मागे घेतला. "आपको किसने बताया?"

"किसी ने नहीं. मेरे फोन में रोज झूले आ रहे हैं. लकडी का झूला, मच्छरदानीवाला झूला. मेरी दोनों बेटियां तो कब की ससुराल गयीं. आंटी की उमर नहीं." त्यांनी माझ्या पोटाकडे बघितलं. "तो बचा कौन?"

जाहिराती त्या एका नंबरामागे लागतात, हे निनादने नंतर सांगितलं. मी सुखडी खाल्ली. फोन उलटा ठेवून खाल्ली.

*

ओवीला वरणभात भरवत होते. फोनवर मेसेज आला: तुमच्या खात्यात बेंगळुरूहून लॉगिन झालं आहे. तुम्हीच आहात का?

मी बेंगळुरू आयुष्यात पाहिलेलं नाही. भाताच्या हातानेच सगळे पासवर्ड बदलले, प्रत्येक वेगळा, आणि संध्याकाळपर्यंत सगळे विसरले.

"अगं, ती तूच होतीस," निनाद घरी आल्यावर म्हणाला. "आपल्या इंटरनेटवाल्याने हे नंबर तिकडच्या पत्त्यावर नोंदवलेत. नंबरावरून गाव ओळखणं हा नुसता अंदाज असतो."

"मग आपण आहोत कुठे?"

"त्यांच्या हिशेबाने? बेंगळुरूला."

लॅपटॉप उघडला, तर हवामानात पाऊस दाखवत होता. खिडकीबाहेर भाईंदरचं कडक ऊन. मी 'हो, मीच' या बटणावर बोट ठेवलं. पण खरं सांगते, दाबण्याआधी क्षणभर थांबले.

*

फिलोमिना आंटींचे गुडघे दुखतात. त्यामुळे उत्तनच्या चर्चमधली रविवारची मिस्सा त्या टॅबवर लाइव्ह बघतात आणि खाली 'आमेन' लिहितात. बाकी काही लिहीत नाहीत.

एका रविवारी टॅब घेऊन माझ्या दारात उभ्या. "बघ गो, काय लिवलंय."

तुमच्या पत्त्यावरून वारंवार गैरवर्तन झाल्यामुळे तुम्हाला लिहिण्यास मनाई करण्यात येत आहे, असं लिहिलं होतं.

"मी तं कोणाला काय बोलले न्हाय."

निनादने त्यांना बसवून सांगितलं, की असे नंबर जगात कमी पडतात. म्हणून कंपनी कितीतरी बिल्डिंगना मिळून एकच नंबर देते. त्या नंबरामागच्या दुसऱ्याच कोणीतरी घाण केली असणार. "जेसल पार्कपासून पार खारीगावापर्यंत कोणीही असेल, आंटी. आपल्याला नाही कळायचं."

आंटींनी टॅबवरची ती ओळ परत एकदा वाचली. मग म्हणाल्या, "पाप त्याचं आणि दार माझ्यासाठी बंद?"

जाताना त्या पॅसेजमध्ये राउटरखाली थांबल्या आणि कपाळापासून छातीपर्यंत क्रूस काढला. मी विचारलं, कोणासाठी?

"तो कोण हाय त्याच्यासाठी. नंबर एकच हाय ना."

*

कॅमेरा बसवला त्या दुपारची गोष्ट. निनाद म्हणाला, मोठ्या स्क्रीनवर बघू या कसा दिसतो. फोनवर टीव्हीचं नाव आलं, त्याने दाबलं. आमचा टीव्ही काळाच राहिला. पुन्हा दाबलं. पुन्हा काळा. नाद सोडून तो झोपला. मी गाऊनमध्ये, डोक्याला तेल थापलेलं, ओवीला थोपटत बसले. थोडं गाणंही म्हटलं. माझा आवाज मलाच आवडत नाही, म्हणून अगदी हळू.

संध्याकाळी शीतलबेन भेटल्या. त्यांच्याकडे त्या दिवशी भजनमंडळ होतं.

"बेटी बहुत देर से सोई आज," त्या म्हणाल्या.

"आपको कैसे पता?"

"अरे, हमारे टीव्ही पे आ रही थी ना. बारह औरतें बैठी थीं. सबने भजन रोक दिया, बच्ची उठ जाएगी करके." आणि मग प्रेमाने, "गाती अच्छा हो."

एकाच राउटरवर असल्यामुळे त्यांचा टीव्ही आमच्या फोनला आपलाच वाटला होता. निनादने त्याच दिवशी कॅमेऱ्याला वेगळा पासवर्ड घातला, लांबलचक. तो मी, निनाद आणि देव सोडून कोणालाही माहीत नव्हता.

*

आता हा शेवटचा. ऑफिसच्या आदल्या दिवशीचा, रविवार दुपारचा.

ओवी पाळण्यात खेळत होती. मी हॉलमध्ये बसून सराव करत होते, म्हणजे ऑफिसात बसल्यासारखं फोनवर तिच्याकडे बघत होते. ॲपच्या कोपऱ्यात डोळ्याचं एक चिन्ह असतं. आत्ता किती जण बघताहेत ते तिथे कळतं. तिथे दोनचा आकडा होता.

"निनाद, तू बघतोयस का?"

निनाद गॅलरीत कपडे वाळत घालत होता. त्याचा फोन माझ्यासमोर टेबलावर, बंद.

मी त्या आकड्यावर बोट ठेवलं. माझ्याशिवाय दुसरं कोणी कुठून बघतंय, त्याचा आयपी ॲड्रेस आला. निनादने येऊन वाचला आणि चिमटे हातात धरून तसाच उभा राहिला.

"हा आपलाच आहे," तो म्हणाला.

"आपला म्हणजे कोणाचा?"

त्याने चिमटे टेबलावर ठेवले. उत्तर मला माहीत होतं. शीतलबेनचा, आंटींचा, नाहीतर खारीगावापर्यंतच्या कोणाचाही.

मी पॅसेजमध्ये गेले आणि राउटरचा प्लगच उपटला. दिवे विझले. माझ्या फोनवरचं चित्र काळं झालं: कॅमेरा जोडलेला नाही. मी श्वास सोडला.

लगेच दोन्ही दारं उघडली. शीतलबेन आल्या, हातात फोन. आंटी आल्या, हातात टॅब. "गया क्या नेट?" "मिस्सा चाललेली गो." मी त्यांना सगळं सांगितलं. दोघींनी आपापले स्क्रीन माझ्यापुढे धरले. एकावर अर्धवट रेसिपी, दुसऱ्यावर थिजलेले पाद्री.

"मी काय तुझ्या पोरीला चोरून बघीन काय?" आंटी म्हणाल्या. "उद्यापासून दिवसभर माझ्याच मांडीवर हाय ती."

मला लाज वाटली. सॉरी म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात आतून ओवीचं हसू ऐकू आलं.

आम्ही चौघंही आतल्या खोलीच्या दाराशी गेलो. कॅमेऱ्याचा हिरवा दिवा विझलेला होता. ओवी पाळण्यात उभी, कठड्याला टेकून, तोंड कॅमेऱ्याकडे. तिने दोन्ही हातांनी डोळे झाकले, मग उघडले. "कुक," ती म्हणाली.

हा खेळ तिला अजून आमच्यापैकी कोणी शिकवला नव्हता.

मग ती थांबली. समोरच्याची पाळी असते तेव्हा थांबतात, तशी. मान किंचित वाकडी करून, वाट बघत.

आणि खुदकन हसली.