बाबांच्या हातातली वायर

आमच्या घरी विजेच्या प्रत्येक तारेला वायरच म्हणतात. त्या दिवशी मोटरीची वायर बदलायची म्हणून मी शेताच्या धुऱ्यावर उभा राहून मोबाइलवर मागवत होतो. तिथे वायर, कॉर्ड, केबल असे तीन वेगळे रकाने होते आणि तिन्हींतले फोटो सारखेच दिसत होते. कॉलेजात इंग्रजी शिकवतो मी, तरी फरक कळेना. माझं डोकं फिरलं. धानाची रोवणी झालेल्या बांधीत बाबा पोटरीभर पाण्यात उभे होते. मी त्यांच्यावरच खेकसलो, "बाबा, नेमकी कोणती पाहिजे?"

"हे पाय, अशी," म्हणत त्यांनी वाकून पाण्यातली वायर उचलली. जोडावर गुंडाळलेली प्लॅस्टिकची पिशवी सुटून लोंबत होती. मोटर चालू होती.

मी स्टार्टरकडे धावत सुटलो.

"काहून पळून राहिला बे?" बाबा मागून विचारत होते. ते बोलताहेत तोवर जिवंत आहेत, एवढंच मला समजत होतं. मग त्यांचा आवाज थांबला. मी स्टार्टर बंद केला, पण वळून बघायची हिंमत होईना.

"अबे, मोटर कायले बंद केली?"

मी वळलो. वायर अजून त्यांच्या हातातच होती.