भागीचा तूस

बोईसरच्या आमच्या कारखान्यात कापड मऊ करायचं तेल बनायचं. कापड किती मऊ होई ते गिऱ्हाईक जाणे. फरशी मात्र अशी होई, की गलमिशीवाले मुकादम खंडेरावसुद्धा नव्या नवरीसारखे बेताने पाऊल टाकत.

ही ब्याऐंशी सालची गोष्ट. झाडलोटीला बेटेगावची भागी होती. कायम अनवाणी. कामाची पाळी सुरू व्हायच्या आधी ती सगळी खाती फिरे आणि उजव्या पायाचा अंगठा फरशीवर दाबून पाही. अंगठा सरकला, की टोपलीतला मूठभर भाताचा तूस तिथे टाकी. तूस दिसला की माणसं पावलं आखडत. नसला तिथून बिनधास्त पिंपं ढकलत. पिंपवाला रामकिसन रोज दारातूनच ओरडे, "भागीबाई, आज का हाल क्या है?"

"तुज्या डोक्यापरीस तेल कमीच हाय. जा!"

मी टाइम ऑफिसातला कारकून. एकदा विचारलं, "पाण्याच्या थारोळ्यात तूस का नाही टाकत गं?"

"पानी दिसतं, भाऊ. दिसतं तिथं मानूस आपसूक जपतो. दिसत नाय ते पाडतं."

तिला कायम करायचं ठरत होतं. तीन वर्षं नुसतं ठरतच होतं. तात्पुरत्या मजुरीत घरचं भागेना, म्हणून दर दिवाळीनंतर नवरा सुका दोन्ही पोरींना घेऊन वीटभट्टीवर जाई. भागी कायम झाली, तर पोरी शाळेत राहणार होत्या. तिचं सगळं त्या एका कागदावर अडलं होतं.

मग सुरक्षेचे नवे साहेब आले. त्यांनी आधी फरशी धुऊन घेतली, मग तिच्यावरून फेऱ्या मारल्या आणि ती उत्तम असल्याचं लिहिलं. वर हुकूम काढला: सगळ्यांनी गमबूट घालायचे, न घालणाऱ्याचं नाव कायम करायच्या यादीतून जाईल. भागीला पुरुषी आठ नंबर मिळाला. पुढे चिंध्या कोंबून ती त्यात चालू लागली.

"मुकादम, बुटातून मला काय कलनार?"

"अगं, डोळ्यांनी बघ की! देवानं दिलेत ना?"

"मंग सगल्यांना सांगा, आजपासून माज्या तुसावर भरवसा ठेवू नका."

खंडेराव हसले. मीही हसलो. सांगितलं कुणीच नाही.

चौथ्या दिवशी वजनकाट्यापाशी, दिसायला कोरड्या आणि बिनतुसाच्या जागी, रामकिसन पिंप ढकलत भरधाव आला. पाय गेला, पिंप अंगावर आलं आणि खुब्याचं हाड मोडलं.

चौकशी झाली. "तिथं तूस का नव्हता?" साहेबांनी विचारलं.

"आंगठा बुटात व्हता, साहेब."

"म्हणजे बूट नियमाप्रमाणे होते!" साहेबांनी समाधानाने लिहून घेतलं. तूस टाकावा असं कुठल्याच नियमात नव्हतं. न टाकणं मात्र गुन्हा ठरलं. भागीला काढल्याचं पत्र मीच टाइप केलं. एकही चूक झाली नाही. माझं टायपिंग पहिल्यापासून चांगलं.

त्यानंतर तूस बंद झाला. आता कुठली जागा बरी, कुठली वाईट, कुणालाच कळेना. सगळा कारखाना भिंत धरून बदकासारखा चालू लागला. दोन महिने कुणी पडलं नाही. साहेबांनी बुटांच्या यशाबद्दल पेढे वाटले. मी दोन खाल्ले.

त्याच संध्याकाळी बेटेगावच्या फाट्यावर भट्टीचा ट्रक उभा होता. वर भांडी, दोन कोंबड्या, सुका, पोरी आणि या वर्षी भागीही. मला पाहताच ती वाकली.

"भाऊ, रामकिसनचा पाय कसा हाय?"

"काठी घेऊन चालतो. बाकी कुणी पडलं नाही हं तेव्हापासून." तिला बरं वाटावं, म्हणून म्हणालो.

तिने जरा विचार केला.

"म्हंजे अजून भ्यालेत," ती म्हणाली. "भ्या मोडलं, का पडतील. तवा तरी सांगा कुनी, का तूस नाय, जपून चाला."

ट्रक सुरू झाला. धाकटीने कोंबडी घट्ट धरली.

मी मान डोलावली होती. पण बुटांचे पेढे खाऊन झाल्यावर सांगायचं कुणाला?