फाटकाजवळची माती

मुलुंडच्या आमच्या सोसायटीत फाटकाला स्कूटरींचा असा गराडा असायचा, की शेजारच्या क्षमाताईला नवऱ्याची व्हीलचेअर बाहेर काढताच यायची नाही. पाट्या लावून झाल्या, भांडून झालं, माणसं ढिम्म.

मग तिने गच्चीत एक पिंप ठेवलं आणि घरोघरी निर्माल्य मागत फिरली. "खाडीत टाकता ते मला द्या. खत होतं का बघते."

पहिल्या खेपेला सगळं सडलं. आम्ही नाकं मुरडली. दुसऱ्या खेपेला मात्र काळंभोर, भुसभुशीत खत झालं. ते तिने फाटकाच्या कडेच्या मातीत मिसळलं आणि तगर लावली. आता देवाच्या फुलांच्या मातीवर चाक कोण घालणार? स्कूटरी मुकाट मागच्या अंगणात गेल्या. हे तिच्या डोक्यात आधीपासूनच होतं, असं माझं ठाम मत आहे.

परवा ती नवऱ्याला, मार्तंडरावांना, घेऊन निघाली आणि व्हीलचेअरचं एक चाक त्याच मातीत उतरलं. ताई जागीच थबकली. समोर नेमक्या शर्मिष्ठाकाकू, सोवळ्याओवळ्यात सगळ्यांत कडक.

काकूंनी वाकून तगरीची फांदी बाजूला धरली.

"थांबलीस काय गं? तो नियम स्कूटरींना आहे."