एका बोटानं माणूस पाडायची विद्या

चिपळूणहून निघताना बायकोनं पिशवीत कोकमं आणि फणसपोळी भरली आणि मी डोक्यात राग भरून घेतला. कारण बहिणीचा फोन. तिच्या केतकीनं वाळूजच्या कारखान्यात दुसऱ्या पाळीची नोकरी धरली होती. कंपनीची बस रात्री हमरस्त्यावर सोडते, तिथून मोकळ्या प्लॉटांमधून एकटीनं चालत घरी. "पण दादा, काळजी नाही," बहीण म्हणाली, "ती मर्मबिंदू शिकते. बोट लावलं की माणूस आडवा." मी जन्मभर शाळेत कबड्डी शिकवली. एका बोटानं मला आजवर फक्त दिव्याचं बटण पाडता आलं आहे.

नगर मागे पडलं आणि झाडंच माणसांची सावली शोधू लागली. एका नदीत पोरं क्रिकेट खेळत होती, आणि खेळपट्टी अशी की आमच्या तालुक्याला मिळणार नाही. शेजारी पैठणचे एक गृहस्थ होते. त्यांना विचारलं, "धरणात पाणी किती?"

"पाहुणे, पाण्याचं नका विचारू. धरण हाये, इतकं सांगतो."

छत्रपती संभाजीनगर, तेव्हा आम्ही औरंगाबादच म्हणायचो, दुष्काळात वाळायचं सोडून फुगत चाललं होतं. उस्मानपुऱ्यातलं भाड्याचं घर सोडून बहिणीनं शहराच्या पार टोकाला घर बांधलं होतं. गल्लीत रस्ता यायचा होता, नळ यायचा होता, दिवे यायचे होते. माणसं तेवढी आली होती. प्रत्येक घरापुढे टँकरच्या पाण्यासाठी निळा ड्रम. बहिणीच्या दाराला कुलूप नव्हतं, ड्रमला होतं. मला अंघोळीला तिनं इतकं पाणी दिलं की ते अंगावर घ्यावं की तळहातावर, असा प्रश्न पडला. जेवायला मात्र येसर (भाजलेल्या धान्य-मसाल्याची झणझणीत आमटी) अशी, की कानातून वाफ निघाली.

केतकीला त्या दिवशी सुट्टी होती, म्हणून संध्याकाळी तिच्याबरोबर क्लासला गेलो. रिकामा प्लॉट, भिंतीवर माणसाचं चित्र, आणि त्याच्या अंगभर ठिपके, जणू हापूसवर करपा पडलेला. मास्टर म्हणून एक तगडे गृहस्थ होते. पोरं-पोरी येत, मास्टरांच्या पाया पडत आणि रांगेत उभी राहत. मग मास्टर मानेला बोट लावत आणि पोर धाडकन खाली. केतकीही पडली. माझं डोकं तापलं. आत्ताच ज्याच्या पाया पडलो त्यानं बोट लावल्यावर उभं राहायचं, हा आपल्याकडे उद्धटपणा असतो. पोरं विद्येनं पडत नव्हती, वळणानं पडत होती.

"या काका, अनुभव घ्या," मास्टर म्हणाले.

त्यांनी मान दाबली, कोपर दाबलं, कानामागे असं काही खुपसलं की बोट दुसऱ्या कानातून बाहेर येतंय की काय वाटलं. दुखलं, नाही असं नाही. पण पडावं असं काही होईना.

"काकांनी जीभ टाळूला लावलीय. त्यानं ऊर्जा अडते."

मी जीभ बाहेर काढून दाखवली.

"पाहुणे कोकणातले. अंगात पाणी लई. ऊर्जा वाहून जाते." मग माझ्या कानाशी येऊन, "पडा ना काका. पोरं बघायलीत."

मी उभाच. तेव्हा चिडून त्यांनी सगळी रांग आडवी केली आणि जाहीर केलं, "मी पाठीवर थाप मारल्याशिवाय यातलं कुणी उठूच शकत नाय."

आणि गल्लीच्या तोंडाशी टँकरचा हॉर्न वाजला.

असं पुनरुत्थान मी पाहिलेलं नाही. थाप नाही, मंत्र नाही. सगळी रांग उठली आणि पाइप धरायला पळाली. मास्टर उभेच होते, त्यामुळे ते सर्वांत पुढे.

टँकरपाशी मी त्यांना गाठलं. ते शांतपणे म्हणाले, "पोरींना धीर येतो काका. त्यात वाईट काय?"

"धीर येतो हो. पण रात्री समोरचाही येतोच ना."

घरी केतकी फणकारली, "मामा, तुम्ही सरांचा अपमान केला. मी खरंच पडले होते."

"मग टँकरला कशी उठलीस?"

"आपला ड्रम रिकामा होता."

सकाळी तिला त्याच प्लॉटांमध्ये नेलं आणि मागून मनगट धरलं. "सोडव." तिनं माझं मनगट दाबलं, कोपर दाबलं, मानेवर ठिपका शोधू लागली. मी सोडलं नाही. "मामा, बास. सोडा."

"तो सोडेल?"

पोरीचे डोळे भरले. मला त्या मास्टरला धरणात, म्हणजे धरणाच्या गाळात, बुडवावंसं वाटलं. आणि तेवढ्यात तिनं माझ्या हाताचा कडकडून चावा घेतला, टाच पायावर हाणली आणि पैठणपर्यंत ऐकू जावं अशी बोंब ठोकत पळाली. दारं उघडली. समोरच्या देशमुखबाई पाण्याचा पाइप घेऊन आल्या आणि कोण, काय न विचारता मला दोन ठेवून दिले.

"अगं मावशी, मामा हायेत ते," केतकी लांबून ओरडली.

"मग आधी सांगायचं नाय व्हय?" बाईंनी तिसरा मारायचं थांबवलं. सगळं ऐकल्यावर म्हणाल्या, "रात्री एकटी येतीस? आमाला माहीतच नाय. बसमधून उतरली की मला फोन कर. आमचे हे अन् मी रस्त्यापर्यंत येत जाऊ."

त्या गल्लीत राहायला येऊन वर्ष झालं होतं, पण हे बोलणं पहिल्यांदा झालं. कारण काळजी नव्हती ना, बोट होतं.

परतीच्या गाडीत माझा राग काही निवेना. मास्टर खोटं शिकवत होता, हे एक वेळ सोडून देऊ. पण जिनं उभं राहायला शिकायचं, तिला तो पडायची सवय लावत होता. आणि आपण आई-मामा मंडळी त्यावर निर्धास्त झोपत होतो.

स्टँडवर सोडायला केतकी आली होती. माझ्या सुजलेल्या हाताकडे बघून म्हणाली, "मामा, दुखतंय?"

"लई."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि खिडकीतून माझी पिशवी आत दिली.