लेडीज क्लासच्या दारावर

"हात पुढे कर."

मी दोन्ही हात पुढे केले. मॅनेजर वाकला आणि माझ्या बोटांचा वास घेतला. आधी उजव्या हाताचा, मग डाव्याचा. तिकीटखिडकीतला क्लार्क बघत होता. हसत होता.

"ठीक आहे. जा दारावर."

हे रोज. तीनच्या खेळाआधी.

अंधेरी स्टेशनाजवळच्या त्या थिएटरात मी लेडीज क्लासची डोअरकीपर होते. वय एकोणीस. मराठी सातवी पास. बायकांची तिकिटं फाडायची, बॅटरीच्या उजेडात खुर्चीचा नंबर दाखवायचा. त्या दारावर पुरुष ठेवता येत नव्हता म्हणून बाई हवी होती. वेसाव्याच्या कोळीवाड्यातली असूनही मला ठेवली, हा त्याचा उपकार. तो उपकार मी विसरू नये म्हणून रोज नाक.

त्याच्या अटी होत्या. कोळणीसारखं लुगडं नेसायचं नाही, गोल पातळ नेसायचं. केसांत फूल नको. बोलताना 'गो' नको. कुणी विचारलंच तर रत्नागिरीकडची सांगायचं.

मी सांगत होते. खोटं कशाला बोलू? मला ते आवडतही होतं. ऑफिसात जाणाऱ्यांच्या बायका मला "अगं, इकडे बघ" म्हणायच्या, तेव्हा मला मी त्यांच्यातलीच वाटायचे. पहिले तीन महिने मी अशी जगले. याबद्दल मला मॅनेजरइतकाच माझाही राग येतो.

आईला मी कधी सिनेमाला बोलावलं नाही. ती आपली आपण आली.

पावसाळ्याचे दिवस. होड्या वाळूवर ओढून ठेवलेल्या, धंदा बंद. आई, माझी काकी आणि शेजारची एक म्हातारी, अशा तिघी आल्या. आंघोळी करून, ठेवणीतली लुगडी नेसून, आबोलीचे गजरे माळून. हातात लेडीज क्लासची तिकिटं. आईचा चेहरा असा फुलला होता! लेक दारावर उभी आहे, हे तिला त्या दोघींना दाखवायचं होतं.

मी तिकिटं फाडली. म्हणाले, "या बाई. तिसरी रांग."

माझ्या आईला मी बाई म्हटलं.

ती खुर्चीवर बसली, पदर सारखा केला.

मागच्या रांगेत एक वकिलीणबाई होत्या. आई त्यांच्या घरी वर्षानुवर्षं मासळी घालत होती. सरंगा कसा हवा, तुकडी किती जाड हवी, सगळं आईला पाठ. आईनं वळून हसून त्यांच्याकडे बघितलं. बाईंनी नाकाला रुमाल लावला.

"इथे काय मासळीबाजार भरलाय? आम्ही पैसे देऊन बसलोय ना?"

दोघीतिघींनी मान डोलावली. एकीनं खुर्ची बदलली. कुणीतरी मॅनेजरला बोलावलं.

कसला वास? कित्येक दिवस त्या तिघींनी ओल्या मासळीला हात लावला नव्हता. अंगाला साबणाचा वास होता, डोक्याला खोबरेल. बाईंच्या नाकात मासळी नव्हतीच. त्यांच्या डोळ्यांत लुगडं खुपलं होतं.

मॅनेजर दारात आला. आत पाऊलही न टाकता मला म्हणाला, "त्या तिघींना पुढे बाकावर बसव."

बाक म्हणजे पडद्याच्या अगदी पुढ्यात. सगळ्यात स्वस्त तिकीट, मधे आडोसा नाही, पुरुषांची गर्दी.

मी तोंड उघडायच्या आधी आई उठली. काकीला म्हणाली, "उठ गो. चल."

कुणी ओरडायच्या आधीच उठायचं. इतकी सवय! एरवी सकाळी त्याच बाईंच्या पायरीवर वाकून मासळी कापायची आणि दुपारी त्यांनी नाक मुरडलं की उठायचं. तिला उठताना बघितलं आणि माझ्या डोक्यात आग पेटली.

"आई, बस."

सगळा लेडीज क्लास माझ्याकडे बघायला लागला. मी पुन्हा ओरडले, "आई, बस खाली! तिकीट आहे तुझ्याकडे."

मॅनेजर म्हणाला, "ही तुझी आई?"

"हो. आणि मी रत्नागिरीची नाही. वेसाव्याची कोळीण आहे. मी यांना उठवणार नाही."

"मग तूही चालती हो."

दोन माणसं आली. आम्हा चौघींना बाहेर काढलं. पुरुषांकडून शिट्या आल्या. आम्ही फाटकापर्यंत पोचतो तोवर आत सिनेमा सुरू झाला होता.

रस्त्यावर आई माझ्यावरच भडकली. "मना उठवाचं व्हतंस. नोकरी कशाला घालवलीस?"

त्या दिवशी मला ते मॅनेजरच्या शब्दांपेक्षा जास्त लागलं. पाऊस संपल्यावर ती पुन्हा त्याच पायरीवर गेली. मी भांडले. "गिऱ्हाईक हाय," एवढंच म्हणाली. मी मात्र वकिलीणबाईंच्या त्या बिल्डिंगीत पाऊल टाकलं नाही. पुढे म्युनिसिपालिटीच्या शाळेत मास्तरीण झाले आणि माझी जात कुणापासून लपवली नाही.

आता ते थिएटर पाडलंय. तिथे उंच इमारत होणार. गेल्या आठवड्यात एक गृहस्थ घरी आले. थिएटरच्या आठवणींची पुस्तिका काढतायत.

"तुम्ही तिथे कामाला होतात ना? दोन गोड ओळी द्या. काय दिवस होते! सगळे एकत्र बसून सिनेमा बघायचे. भेद म्हणून नव्हता."

मी विचारलं, "कोण सगळे?"



मी त्यांना सांगितलं, त्या भिंतींची रेती आमच्या किनाऱ्यावरून गेली. माझ्या बापानं बैलगाडीत भरली. हे तुमच्या पुस्तिकेत आहे? नाही. मग भेद नव्हता हे कुणाला विचारून लिहिताय?

हे सगळं मी लिहून त्यांच्या हातात दिलं. वाचून ते म्हणाले, "जरा सौम्य करता येईल का? समिती बघेल."

समितीनं बघावं. एक शब्द काढायचा नाही. छापलं नाही तर त्यांच्या प्रकाशनाच्या सभेत उभी राहून मी हे मोठ्यानं वाचणार. मधे थांबवलं तर पुन्हा पहिल्यापासून वाचणार.